चाळीस सेकंद

एडिटर म्हणाला होता, चार ठेव, पुरे.
चाळीस सेकंद कुणी बघत नाही
एका बाईचं गप्प बसणं.
मी ठेवले.

वाजिद, तू आत आला नाहीस ते बरंच केलंस.
ब्रॅडफर्डचा नोव्हेंबर, चार वाजताच अंधार,
मशिदीमागचा हॉल, फरशीवर बॅडमिंटनच्या रेषा,
पडदा म्हणून निसारभाईंच्या दुकानातली पांढरी चादर.
इस्त्री करायची राहिली होती.
घडीची रेघ नेमकी अम्मीच्या कपाळावरून जात होती.

बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मधे प्रोजेक्टर.
पोस्टरवर मी आजाराचं नाव घातलं नव्हतं.
घालणार कुठल्या भाषेत?
डॉक्टरांचा शब्द आपल्या घरात चपला घालून शिरतो,
आणि घरातला शब्द एकच: हवा लागली.
जणू तू खिडकी उघडी टाकून झोपला होतास.

फिल्ममध्ये मी विचारते,
आवाज माझाच, पण चोरून आल्यासारखा,
अम्मी, ती दोन वर्षं वाजिद कुठे होता?

अम्मी गप्प.
मागे चहाचं भांडं उकळत होतं.
कुणाचं तरी बाळ चादरीकडे बोट दाखवून हसलं.
पंचविसाव्या सेकंदाला ती ओढणीचं टोक
बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.
मी पडद्याकडे पाहत नव्हते.
खरी अम्मी तिसऱ्या रांगेत,
तीच ओढणी,
तेच बोट.

मग ती म्हणते: दुबईत नव्हता.

एवढंच. पुढे वॉर्ड येतो,
चार बोटांपेक्षा जास्त न उघडणारी ती खिडकी येते,
अब्बा येतात, रात्रभर टॅक्सी चालवून थेट,
फॉइलमधले पराठे मांडीवर घेऊन
पार्किंगमध्येच बसून राहिलेले.
पण हॉल त्या वाक्यापाशीच थांबला होता.
कारण दुबईचे खजूर सगळ्यांनी खाल्ले होते.

दोन रमजान अम्मीने लीड्स रोडवरून पेट्या आणल्या.
किमतीचं लेबल गरम पाण्यात भिजवायचं,
नखाने खरवडायचं,
चिकट राहिलंच तर वर पीठ चोळायचं,
आणि घरोघर द्यायचं: वाजिदने पाठवलेत.
इतक्या इमानाने खोटं बोलणारी बाई
मी दुसरी पाहिली नाही.

दिवे लागले. प्रश्न विचारा, मी म्हटलं.
एका चाचांनी हात वर केला,
डावा स्पीकर खरखरतो म्हणाले.
खरखरत होता.
मागून कुणीतरी, हळू, पण मला ऐकू जाईल असं:
घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली पोरीने.
समोसे मात्र सगळे संपले.

मी खुर्च्या रचत होते, तेव्हा झुबेदाखाला
येऊन अम्मीशेजारी बसली.
कॅमेरा पिशवीत होता. असू दे म्हटलं.
खाला म्हणाली,
ते खजूर लीड्स रोडचे होते, मला ठाऊक होतं.
अम्मी पुन्हा गप्प.
पिठाने नाही निघत गं ते लेबल, तेलाने निघतं.
मीही तिथूनच आणायचे.
आमची तहमीना जिद्दात होती ना, तेव्हा.

मी उरलेल्या खुर्च्या एकेक करून नेल्या.
एरवी चार-चार उचलते.

गाडीत तू होतास, काचा वाफेने धूसर,
सगळीकडे चिप्स आणि व्हिनेगरचा वास.
संपलं? विचारलंस.
कधीच, म्हटलं.
मग अम्मी?
बसलीय अजून.
तू हीटर चालू ठेवलास
आणि मला चिप्स पुढे केलेस, गार झालेले.